सहा वर्षांच्या सालीची जमीन

१ जुलै
आलो बाई एकदाचे! घर बिनभाड्याचं, बदल्यात दिवाणखान्यातली कॉर्कच्या सालीची जमीन तेवढी जपायची. मालकीणबाई दोना बेनेदितांनी अर्धा तास शिकवलं: मऊ झाडू, घट्ट पिळलेलं फडकं, पाणी ओतायचं नाही, खुर्च्यांच्या पायांना जाड कापड, महिन्यातून एकदा मेण. जसं काही मी जन्मात घर पुसलंच नाही! माझा नवरा जासिंतु म्हणाला, मला कधी एवढं जपलं होतंस का गं? तीस वर्षं त्याने कॉर्कच्या झाडांची साल सोलली. गेल्या उन्हाळ्यात झाडावरून पडला, तेव्हापासून पाठ धड नाही. या उबदार जमिनीवर उताणा पडला की त्याचं दुखणं थांबतं. मला आणखी काय हवं?

८ जुलै
पाव-लसणाचं सूपही आता तिथेच पडून पितो. तो पडतो तिथे जमीन जराशी फुगली आहे. तो अंगणात असताना मी बारीक पॉलिशकागदाने ती जागा घासली, तर तो बाहेर किंचाळला. पाठीवर ओरखडे होते. काठी लागली असेल, असं मी म्हटलं. तो पुन्हा जमिनीवर जाऊन पडला.

१७ जुलै
शेजारीण कुश्तोदिया अंजिरं घेऊन आली, पण उंबरा ओलांडेना. म्हणाली, ही जमीन विहिरीजवळच्या झाडाच्या सालीची. साल नऊ वर्षांनीच काढतात. कुणाची चूक होऊ नये म्हणून सोलल्याचं वर्ष खोडावर पांढऱ्या रंगाने लिहितात. बेनेदिताबाईंच्या वडिलांनी सहाव्या वर्षीच तो आकडा बदलला आणि झाड सोलून घेतलं. झाड वाळलं. कुऱ्हाड कुणाची होती ते तुझ्या माणसालाच विचार, म्हणाली.

विचारलं. त्याने तोंड फिरवलं. मग म्हणाला, रंग ओला होता गं, मला दिसत होतं. नवा होतो, हाकलतील म्हणून घाव घातला. आतल्या जिवंत सालीपर्यंत गेला.

२६ जुलै
उठताना सदरा जमिनीला चिकटून फाटला. त्याची पाठ तपकिरी, कडक झाली आहे. बोटाने दाबलं की खळगा पडतो आणि हळूहळू भरतो. मी चिडून खोलीला कुलूप लावलं. दुपारपर्यंत तो दाराशी लहान मुलासारखा रडत होता. उघडलं. मी उघडायला नको होतं. पण कसं बघवणार?

२ ऑगस्ट
तो उठत नाही. पाठ आणि जमीन यांच्यामध्ये सुरीचं पातंही जात नाही. फडकं फिरवते तेव्हा कुठे संपते जमीन आणि कुठे तो —

४ ऑगस्ट
रुग्णवाहिकेसाठी फोन केला. सगळ्या गाड्या वणव्याकडे गेल्यात म्हणे, वाट बघा. कुश्तोदिया दार उघडत नाही. देवा, त्याचे कान जमिनीत बुडाले. फक्त चेहरा राहिलाय.

५ ऑगस्ट
तो म्हणतो, कुऱ्हाड आण. मी कधी हातात धरली नाही. सांगतो, मी आहे ना. घाव हलका घाल, पातं किंचित फिरव, कान दे. पोकळ फाटल्यासारखा आवाज आला तर साल सुटतेय. कोरडा, आखूड आला तर थांब, नाहीतर मी मेलो.

दुपार
गुडघ्यांवर बसलेय. प्रत्येक घावानंतर लिहितेय. कुणी दार उघडलं तर कळू दे, मी त्याला मारायला नाही —

पहिला. कोरडा. थांबले. रक्त जमिनीतून आलं.

तो म्हणतो, जरा बाजूला घाल, घाबरू नकोस. आता नुसते ओठ हलतात, आवाज नाही.

दुसरा. काहीच नाही. जासिंतु, डोळे उघड ना —

तिसरा. आला! पोकळ, फाटल्यासारखा, त्याने सांगितला तस्साच. सुटतंय. पण त्याच्या पाठीखालून नाही आला. माझ्या गुडघ्यां —