कादंबरीत आत्याची मावशी

४ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. मागाहून, आधी कारण.

तुझी कादंबरी मिळाल्यावर फोनवर 'पोचली, वाचली' एवढं सांगितलं होतं. तेवढं पुरे होतं. पण काल वाचनालयाचे चिटणीस घरी आले. कादंबरीतली, आईविना पोर वाढवणारी मावशी आपल्याच गावात शिवणाचं दुकान चालवते, हा शोध त्यांना लागला म्हणे. शनिवारी वाचनमंडळात तिचा सत्कार आहे, आणि तिची ओळख मी करून द्यायची आहे, कारण मी तिला जवळून ओळखते. म्हणून हे पत्र.

तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. दादा बोटीवर, वर्षातून दोनदा उगवणारा. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी करून मी तुला वाढवलं, हे काही उपकार म्हणून सांगत नाही. पण पुस्तकात नळाचं पाणी बाटलीत भरून उजेडाकडे धरते ती मावशी! खोटं बोललीस म्हणून तुला जिन्यात उभी करते ती मावशी! काचनळ्या घासायच्या ब्रशने तुझे बूट घासते तीही मावशीच! तुझ्या मावशीने जन्मात कधी पाणी तपासलेलं नाही. ती तुला सुट्टीत फ्रॉक शिवून द्यायची आणि लाडावून परत पाठवायची. आता दुकानात बायका तिला पाण्याबद्दल विचारतात, आणि ती मान हलवून सांगते, की हो ना, फार जपावं लागायचं. पडद्यांची मापं द्यायला गेले होते तेव्हा माझ्या कानांनी ऐकलं.

आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, म्हणतात. मला मिशा नाहीत, तरी तू माझी मावशी केलीस. का, ते दोन ओळींत कळव. शनिवारी मला उभं राहून बोलायचं आहे.

लोभ आहेच. तो मागायची सवय मला नाही.
तुझी आत्या

७ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दोन ओळींत मावणार नाही. फार झालं असं वाटलं तर जिन्यात उभी राहीन.

पहिल्या खर्ड्यात तू आत्याच होतीस. संपादकबाईंनी वाचून विचारलं, की ही आत्या एवढं करते, तर तिला त्यातून मिळणार काय, भावाचं घर का? मग एका मैत्रिणीला वाचायला दिलं. ती म्हणाली, आत्या काय, घरचीच, तिला करावंच लागतं. आणि केवढी गं खाष्ट! तेव्हा मी बाकी एक अक्षर न हलवता 'आत्या' खोडून 'मावशी' लिहिलं. तोच जिना, तोच ब्रश. तीच मैत्रीण जिन्याशी येऊन ढसाढसा रडली.

माय मरो, मावशी उरो, हे आपल्या लोकांनी इतकं घोटलंय, की मावशीने धपाटा घातला तरी ती माया, आणि आत्याने रात्रंदिवस राबून पोसलं तरी ते नुसतं कर्तव्य. माझं घर कसं होतं ते मला सांगायचं होतं, पण वाचक आपल्या डोक्यातलं घर सोबत घेऊनच येतो. त्याला तिथून उठवण्याची ताकद माझ्यात नव्हती. म्हणून तुझी माया मावशीच्या नावावर लावली.

दुसरी आवृत्ती निघते आहे. तू म्हणशील तर पानोपानी 'आत्या' करते. मावशी खट्टू होईल, तिची समजूत मी घालीन. खोकला गेला. झोप पुरेशी घेते.

तुझी माया अशीच कडक राहो, एवढंच मागणं.
तुझी भिंगरी

१२ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. आ. वि. वि.

पत्र वेळेवर पोचलं. संपादकबाईंना सांग, आत्याला मिळायचं ते मिळालं: एक लेखिका, तीही शुद्धलेखनात कच्ची.

शनिवारी बोलले. भाषणभर कर्मणी प्रयोग चालवला. पाणी तपासलं गेलं, मुलगी वाढवली गेली. कर्ता कुठेच नाही. खोटंही नाही. टाळ्या पडल्या. मग दातांचे डॉक्टर उठले. पुस्तक शेवटपर्यंत वाचणारा मंडळात तो एकच प्राणी. त्यांनी पान उघडून विचारलं, की ही मावशी चिडून म्हणते, वहिनी असती तर हिला पाठीशी घातलं असतं. तर सख्ख्या बहिणीला कोणी वहिनी म्हणतं का? एवढा एक शब्द बदलायला तू विसरलीस, बाई! मावशी सत्काराची फुलदाणी धरून बसलेली, तोंड एवढंसं झालेलं. मी ठणकावून सांगितलं, की मुद्रणदोष आहे.

त्यावर तुझी मावशीच उभी राहिली. म्हणाली, दोष कसला, वहिनी म्हणणारी ही माझ्या शेजारी बसली आहे. पोर हिने वाढवली, मी फ्रॉक शिवले. चार दिवस फुकटचा मोठेपणा मिरवला, आणि खोटं कशाला बोलू, झकास वाटलं. सगळे हसले, सर्वांत मोठ्याने तीच. आता तुम्हाला काय म्हणायचं, असं डॉक्टरांनी मला विचारलं. मी म्हटलं, चहा गार होतोय.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. 'मावशी' तशीच राहू दे. नाव मावशीचं असलं तरी एवढ्या परक्या लोकांना जी माया भावली ती माझी होती, याचं मला बरं वाटलं. हे एकदाच लिहिते आहे, पुन्हा विचारायचं नाही. 'वहिनी'लाही हात लावू नकोस. नीट वाचणाऱ्याच्या पदरी काही पडायला हवं. पुढच्या कादंबरीत मात्र आत्या घाल. खाष्टच घाल. तरी वाचक तिच्यापाशी थांबला पाहिजे. ते तुझं काम, त्यात पळवाट चालणार नाही.

येत जा. लोभ कागदावर फार दिवस टिकत नाही.
तुझी आत्या

ता. क. काल मावशी फुलांसकट फुलदाणी घेऊन घरी आली. घे म्हणाली, मी नको म्हटलं. बराच वेळ ओढाताण झाली. शेवटी ठरलं ते असं:
फुलदाणी, निळी, एक. मावशीकडेच, दुकानात.
फुलं, सगळी. माझ्याकडे.
देणार: मावशी. घेणार: आत्या.