चौपट लोहाचा पालक

३ जानेवारी
संकल्प : या वर्षी माझा पालक जगभर गाजणार. मुळांत नवा जीन बसवलाय. मुळं मातीतलं लोह ओढणार, पानांत भरणार. पहिला पुरावा घरचाच. बायकोचं हिमोग्लोबिन आठ. दहा झाल्याशिवाय सर्जन ऑपरेशनला हात लावणार नाही. तिच्या लोहाच्या गोळ्या आजपासून बंद केल्या, फक्त माझा पालक. दोन्ही चालू ठेवलं तर श्रेय कुणाचं, हे कसं कळणार? ती म्हणाली, मला श्रेय नको, रक्त हवंय. हिला सायन्सची दृष्टीच नाही.

२० जानेवारी
लॅबचं ग्राइंडर जळालं. हातावर हात धरून बसणारा मी नव्हे. घरचा खलबत्ता नेला, वाळलेली पानं स्वतः कुटली. रिपोर्टमध्ये लोह चौपट! सहकाऱ्याने विचारलं, खलबत्ता लोखंडी आहे का? म्हटलं, हो, चांगला वजनदार आहे. जळतो मेला.

९ फेब्रुवारी
ही जिन्यातच बसली. डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणे. नखरे. पालकाचा रस दुप्पट केला. मेहुणीने फोनवर मला वाट्टेल ते सुनावलं. बोलू दे.

२ मार्च
रक्त तपासलं. सहा. मशीन बिघडलेलं. दुसरीकडे तपासलं. साडेपाच. तिथल्या माणसाशी भांडलो. ऑपरेशन पुढे ढकललं. सर्जनने विचारलं, गोळ्या कुणी बंद केल्या? मी म्हटलं, घरात ठरलं.

५ मार्च
ही बाथरूममध्ये पडली. अ‍ॅडमिट. मेहुणीने रक्त दिलं. मीही देणार होतो, पण उद्या प्रेझेंटेशन. अशक्तपणा आला असता तर?

६ मार्च, संध्याकाळ
डायरेक्टरांनी पानं परस्पर बाहेरून तपासून घेतली होती. लोह बाजारातल्या पालकाइतकंच. बाकीचं खलबत्त्याचं. मुळं मात्र लोहाने ठासून भरलेली. ओढलं सगळं, वर काही जाऊ दिलं नाही. म्हणजे जीन चालला! तरी प्रोजेक्ट बंद.

थेट हॉस्पिटल गाठलं, हिला सगळं समजावलं. ती म्हणाली, पालक अगदी तुमच्यावर गेलाय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या कामाचं कौतुक! खुश होऊन खुर्ची पुढे ओढली, तर तिने नर्सला सांगितलं, यांना पुन्हा आत सोडू नका.

औषधाची गुंगी असणार. बाहेर बाकावर बसलोय. मेहुणी आली, न बघता आत गेली आणि दार लावून घेतलं.