एक घास चिमणीला

१३ मार्च २०२१, फोरबर्ग, नेदरलँड्स

अखेर आपल्या घरात आलो. घर पाहावं बांधून म्हणतात. आम्ही नव्वद वर्षांपूर्वी दुसऱ्याने बांधलेलं आयतं घेतलं. जिना शिडीसारखा उभा, त्यामुळे सोफा दोर लावून खिडकीतून वर चढवला. अर्धी गल्ली दीड-दीड मीटर अंतर राखून तमाशा बघत होती. मी दूध उतू घालून गृहप्रवेश उरकला.

हॉलच्या भिंतीवर एक पांढरा बोर्ड ठोकलाय, त्यामागे जुनी फायरप्लेस आहे. मल्हारला तिथे गॅसची नवी बसवायची आहे. वर्षभर घरून काम करून नवऱ्याचे पाय बर्फ झालेत, म्हणून मीही लगेच हो म्हटलं. आईला व्हिडिओवर सगळं घर दाखवलं. तिचा व्हिसा गेल्या वर्षी अडकला तो अडकलाच. म्हणाली, शेकोटी पेटली की येते, पाय शेकायला.

२१ मार्च

बोर्ड काढला. आत काजळी, विटांचे तुकडे आणि पक्ष्यांनी आणलेल्या काटक्या. मल्हार असा काळा झाला की ओळखू येईना. मी विटा ब्रशने घासल्या, तळ झाडून घेतला. डोकं आत घालून वर पाहिलं तर आभाळाचा रुपयाएवढा तुकडा दिसला. फार बरं वाटलं.

२७ मार्च

गॅसवाला योस येऊन जागा बघून गेला. कागदाची पट्टी पेटवून त्याने आत धरली, धूर सर्रकन वर ओढला गेला. मान डोलावून म्हणाला, छान ‘ट्रेक’ आहे. डच क्लासमध्ये आम्हाला ट्रेक म्हणजे भूक असं शिकवलंय. मी तोडक्यामोडक्या डचमध्ये विचारलं, चिमणीला भूक लागलीय का? तो मास्कमागे पोट धरून हसला. धुराड्याला हवेची ओढ असते, तिलाही ट्रेकच म्हणतात म्हणे.

आईला सांगितलं तर ती माझ्यापेक्षा वरचढ. म्हणाली, चिमणीच ती, तिला भूक लागणारच. तुला भरवताना पहिला घास चिऊचाच असायचा, ठेव की एक.

फायरप्लेस मे महिन्यात येईल. करोनामुळे सगळंच उशिरा.

११ एप्रिल

पुण्याहून भावाचा, प्रसन्नचा फोन. आईला ताप आहे, त्यालाही आहे. बेड शोधतोय. इथून मी काय करणार, नंबर फिरवत बसले.

१५ एप्रिल

बेड मिळाला. नर्सने फोन समोर धरला. आईच्या तोंडावर मास्क, श्वास खरखरत येत होता. तिने हात जरासा उचलला आणि म्हणाली, येते हं. मी म्हटलं, ये. निघणाऱ्याला म्हणतो तसं, सवयीने. बोलून गेले आणि मग कळलं.

१६ एप्रिल

आई गेली. प्रसन्न अजून कोंडलेला, त्यालाही जाता आलं नाही. परक्या माणसांनी गॅसदाहिनीत दिली. नर्स सांगत होती, कालपासून मऊ भात मागत होत्या, पण मास्क काढता येत नव्हता.

माझी आई उपाशी गेली.

२५ एप्रिल

दहावा. बाल्कनीत भाताचा पिंड ठेवला. इथले छोटे करड्या मानेचे कावळे आले, बघून उडून गेले. दुपार झाली तरी एकानेही चोच लावली नाही. मल्हार आत जा म्हणाला. मग पान उचलून फायरप्लेसच्या जागेत ठेवलं. एक घास चिऊचा. म्हटलं, आई, ये, घर बघून जा.

हात धुऊन आले तर पान रिकामं. बोटाने पुसून घेतलेलं, आई घ्यायची तसं.

२८ एप्रिल

चिमणीत श्वास ऐकू येतो. फोनवर ऐकला तोच. मल्हार म्हणतो वारा आहे. मी मऊ भात, तूप, मेतकूट कालवून आत ठेवलं. वरून हाक आली, ऋजुल्या. मला तशी हाक आईच मारायची. मी जमिनीवर बसून पोटभर रडले. आईला जेवू घातलं. आता मला काही नको.

३ मे

सकाळी, दुपारी, संध्याकाळी. तांदळाची पिशवी संपली. पोटच भरत नाही तिचं. आई दोन घास खाऊन उठायची. विटांवर काजळीत बोटांचे ठसे आहेत, आतल्या बाजूने. रोज थोडे खाली येतात. बोटं फार लांब —

७ मे

आज एकादशी. भात ठेवल्यावर आठवलं. आईने जन्मात एकादशीला भाताचं शीत तोंडात घातलं नाही, आजारातही नाही. मला वाटलं, आज नाही खाणार.

पान रिकामं. वरून आवाज, आणखी.

ही आई नाही. मी ‘ये’ म्हटलं, ते कुणी ऐकलं —

८ मे

मल्हारला सगळं सांगितलं. त्याने मला जवळ घेतलं, तोही रडला. त्याला वाटतं दुःखाने होतंय. बोर्ड पुन्हा लावला. बोर्डामागून दिवसभर — उपाशी ठेवलंस गं. आईच्याच आवाजात. मी कानात बोळे —

१० मे

योस आला. बोर्ड काढून ठेवलाय. पाइप घातला, काच बसली की तोंड कायमचं बंद. सुटेन मी. आणि आईचा आवाज पुन्हा कुठेच —

योस आणि मल्हार फायरप्लेसची पेटी वर आणायला खाली गेलेत. जिन्यात धडपडतायत.

आज भात मागत नाही. ये म्हणते. पाय शेकून घे म्हणते. आई नाही, माहीत आहे मला. पण हाक तिचीच. ऋजुल्या म्हणणारं आता दुसरं कोण आहे.

चिमणीतून हात बाहेर — गरम आहे. किती गरम —

मल्हार, जाते म्हणू नये. म्हणून ये—