अर्धवट सोडण्याचे कारण

प्रिय न्यायाधीशबाई,

या नावाने आता तुला कोणी हाक मारत नसेल. वर्गात ते मीच पाडलं होतं, आणि त्याचा वचपा म्हणून तू मला स्टोव्ह केलंस, पिन मारली की भडकणारा. चार वर्षं झाली. पाकिटावरचं अक्षर ओळखून हे तसंच बाजूला ठेवावंसं तुला वाटलं असेल. उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. सोबत काही कागद आहेत. ते तुझ्या हक्काचे आहेत, पण ते काय आहेत हे आधी सांगितलं तर तू बाकीचं वाचणार नाहीस, तेवढं मी तुला ओळखतो.

मी सध्या पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये आहे. गेटला लागून एक खोली, एक खिडकी, कार्डं दाबायचं यंत्र आणि सहाशे माणसांची हजेरी. कोण सात मिनिटं उशिरा आला, कोणाची किती रजा उरली, कोणी दोस्ताचं कार्ड परस्पर दाबलं, हे सगळं माझ्याकडे. दिवसभर डिंकाचा वास. घरी गेल्यावर शर्ट बाहेरच काढावा लागतो. पहिल्या वर्षी खिडकीतून भांडून मी दोन मेमो मिळवले. आता भांडत नाही. समोरच्याचं पूर्ण ऐकतो आणि मग त्याला लेट मार्क लावतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, चला, निदान क्रम तरी बरोबर झाला.

आमचे पर्सोनेल ऑफिसर रोज बरोबर पावणेआठला गेटातून आत येतात, म्हणून कारखाना त्यांना पावणेआठ म्हणतो. तोंडावर अर्थातच साहेब. त्यांनी महिन्यापूर्वी मला बोलावून समोर बसवलं. कंपनी दरवर्षी एकाला मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, म्हणजे आपला होता त्याच, पाठवते, शनिवारी सुट्टी देते. यंदा माझं नाव सुचवायचं त्यांच्या मनात होतं. म्हणाले, “पदवी नसेल तर तू या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवू शकशील. बसू शकणार नाहीस.” मला इतका आनंद झाला की परत येऊन मी तिघांचे लेट मार्क माफ केले, आणि नंतर नियम आठवून पुन्हा लावले. त्यातला एक अजून माझ्याशी बोलत नाही.

मग अर्ज आला. त्यात अकरावा रकाना होता: पूर्वी शिक्षण अर्धवट सोडले असल्यास त्याचे कारण. दोन बोटं रुंद जागा. मी पेन्सिलने लिहिलं, घरगुती अडचण. ताई मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, घराने काय घोडं मारलं होतं रे तुझं? बाबा शिलाई मशिनवर रात्रंदिवस वाकून तुझी फी भरत होते, ती अडचण का? मी खोडलं आणि आजारपण लिहिलं. ती म्हणाली, आजार डोक्याचा होता असं तरी लिही. तेही खोडलं. अर्ज भरायला दहा दिवस होते. रकाना कोराच राहिला.

कारण तुला ठाऊक आहे. पण ते मी कधीच कोणाला सांगितलं नाही, आणि तूही सांगितलं नाहीस हे मला पंधरा दिवसांपूर्वी कळलं.

पहिल्या वर्षाचं ते शेवटचं प्रात्यक्षिक, लुटुपुटीची खातेनिहाय चौकशी. आपला चौघांचा गट. तू चौकशी अधिकारी, मी आरोपी कामगार, व्यवस्थापनाच्या बाजूने चष्मेवाला, आणि नोंदी घ्यायला शिंक्या, जो दर पानावर एकदा शिंकायचा. मी म्हणे सुपरवायझरला धक्का दिला होता. त्याच्या चारच दिवस आधी, ग्रंथालयाच्या जिन्यात, मी तुला जे सांगायचं ते सांगून टाकलं होतं आणि तू म्हणाली होतीस की परीक्षा संपली की उत्तर देते. मला चार दिवस झोप नव्हती. तुझ्या चेहऱ्यावर काही सापडतं का ते बघत मी त्या बाकावर बसलो, आणि तू कागदावरून मान वर करून मला तुम्ही म्हणालीस. “तुम्ही धक्का दिलात का?” मी म्हटलं, आधी कारण ऐका. बहिणीचं लग्न ठरत होतं, रजा मागितली तर तो माणूस हसला. सगळं तिथल्या तिथे रचलेलं. तू म्हणालीस, कारण ऐकणार आहे, लिहूनही घेणार आहे, पण आधी धक्का दिला की नाही ते सांगा. तीनदा विचारलंस. चष्मेवाला खुदखुदत होता. मी शेवटी म्हटलं, दिला.

तू प्रत्येक पानावर माझी सही घेतलीस. चष्मेवाल्याने एक कागद माझ्या नकळत नोंदीत घुसवायचा प्रयत्न केला तर तू त्याला झापलंस, की ज्याच्याविरुद्ध कागद जातो त्याच्या हातात त्याची प्रत पडलीच पाहिजे, नाहीतर ही चौकशी नाही, चहाडी आहे. तेव्हा तू माझ्याच बाजूने बोलत होतीस. रागाने कान तापलेल्या माणसाला ते ऐकू येत नाही. आणि सगळ्यात शेवटी, नियमाप्रमाणे, तू पेन खाली ठेवून विचारलंस, “तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का?” मी खिडकीबाहेर बघत बसलो. तू थांबलीस, बराच वेळ थांबलीस, आणि मग शिंक्याला लिहायला सांगितलंस की काही सांगायचे नाही.

ते दोघे चहाला गेले. तू निष्कर्ष लिहून पानं लावत होतीस, तेव्हा मी तुझ्या खांद्यावरून वरचं पान वाचलं. आरोप सिद्ध. बस, तेवढंच वाचलं. मला वाटलं, खोट्या चौकशीतसुद्धा जिला मला सोडवता येत नाही ती खऱ्या आयुष्यात काय करणार. केवढा हा हिशेब आणि केवढा मी शहाणा. तुझ्या हातातले कागद ओढून मी टराटरा फाडले. तू ओरडली नाहीस. एवढंच म्हणालीस, “याची दुसरी प्रत नाही.” मी तुकडे पिशवीत कोंबले आणि निघालो. दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेलो नाही, तिसऱ्या दिवशीही नाही, आणि मग जाण्याची लाज वाटायला लागली. लाजेला मी बरेच दिवस स्वाभिमान म्हणत होतो.

चार महिन्यांनी पिशवी धुवायला काढताना ते तुकडे निघाले. बाबांच्या कापायच्या टेबलावर मी ते जुळवले. खडूच्या रेघांवर तुझं अक्षर हळूहळू उभं राहिलं. निष्कर्षाचं दुसरं पान मी तेव्हाच पहिल्यांदा वाचलं. तू लिहिलं होतंस: आरोप सिद्ध, परंतु कामगाराने सत्य कबूल केले, त्याला डिवचले गेले होते, पूर्वीची वर्तणूक चांगली, सबब केवळ तोंडी समज देऊन सोडावे. म्हणजे तू मला सोडलंच होतंस. मी फक्त पान उलटायला हवं होतं. त्या दिवशी तुला पत्र लिहायला हवं होतं. मी चिकटपट्टीने तुकडे जोडले आणि पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवले. माझी अशी समजूत होती की नुकसान झालं ते माझंच, आणि ते मी एकट्याने निमूट सोसतोय. त्यात एक प्रकारची ऐटही होती, खोटं कशाला बोलू.

पंधरा दिवसांपूर्वी साहेबांनी मला सहायक मनुष्यबळ अधिकाऱ्याच्या जागेसाठी आलेले अर्ज तारखेप्रमाणे लावायला दिले. सातवा तुझा होता. फोटोत केस आखूड केलेस. मी फाईल लगेच मिटली, पण कागद पुरे आहेत का तेही तपासायचं होतं, म्हणून पुन्हा उघडली. दोन वर्षांच्या पदवीला तुला तीन वर्षं लागली होती. पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकापुढे शून्य. तू, जी उपस्थितीचा तक्तासुद्धा पट्टीने आखायचीस. मी जेवणाच्या सुट्टीत चष्मेवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, तुला माहीत नाही? नोंदींचे कागद आपल्या हातून गहाळ झाले असं तिने सरांना सांगितलं. आम्हाला तोंडी परीक्षेवर गुण मिळाले, पण सर तिला म्हणाले की ज्याला एका माणसाचे कागद सांभाळता येत नाहीत त्याने या पेशात येऊ नये. सगळ्यांसमोर. मी फोन ठेवला. तुझ्या अर्जात वाया गेलेल्या वर्षाचं कारण विचारलं होतं आणि तू लिहिलं होतंस, वैयक्तिक. एकच शब्द. माझ्या रकान्यापेक्षा तुझा लहान होता आणि तो माझ्यामुळे भरलेला होता.

साहेबांनी फायली चाळल्या तेव्हा तुझ्या फायलीपाशी थांबले. त्यांचं म्हणणं, मुलगी हुशार दिसते, पण वर्ष गेलंय आणि कारण सांगत नाही, समिती असल्या ठिकाणी हटकून अडते. मी मान हलवली आणि जागेवर जाऊन बसलो. पूर्ण एक दिवस बसून राहिलो. हेही लिहितो, कारण तुला वाटायला नको की मी लगेच धावलो. शनिवारची सुट्टी, ती खुर्ची, ताईने आधीच आणून ठेवलेली वही, हे सगळं डोळ्यांपुढे होतं. दुसऱ्या दिवशी पावणेआठला मी गेटातच उभा होतो.

मी लेखी निवेदन दिलं, सोबत ते जोडलेले कागद. साहेबांनी दोन्ही वाचलं, नोंदींच्या पानांवरची माझी सही बोटाने तपासली. मग म्हणाले की तिची फाईल आता साफ आहे, समितीपुढे हे मी ठेवीन. माझ्याविषयी म्हणाले, सहाशे माणसांचे कागद तुझ्या हातात आहेत, यंदा तुझं नाव मला पाठवता येणार नाही. मी म्हटलं, बरोबर आहे. राग आला नाही. आश्चर्य वाटलं, राग शोधला, सापडला नाही. मी दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, “तिला माहीत आहे हे? तिच्या फायलीत तिच्या पाठीमागे कागद घालून चाललास? वर्षभर शिकलास तरी काय?”

म्हणून हे पत्र, साहेबांना विचारूनच लिहिलेलं. जिच्याविषयीचा कागद फायलीत गेला तिच्या हातात त्याची प्रत पडलीच पाहिजे. सोबत माझं निवेदन आहे आणि तुझ्या त्या सहा पानांची छायाप्रत, मूळ पानं तुझ्या फायलीत आहेत. मुलाखतीत विचारलं तर मला झाकू नकोस, एवढी वर्षं पुरे झाली. जागा मिळाली तर माझ्यामुळे नाकारू नकोस. मागच्या गोदामाच्या गेटवर हजेरी घ्यायला माणूस हवा होता, मी बदली मागून घेतली आहे. अकरावा रकाना मी काल भरला, अर्ज यंदा कुठे जाणार नसला तरी. लिहिलं, चौकशीत विचारलेल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही म्हणून. ताईने वाचलं आणि खोडरबर उचलून ठेवून दिला. जिन्यातल्या माझ्या प्रश्नाचं उत्तर तू आता देऊ नकोस, त्याची मुदत मीच घालवली. पण तू पेन खाली ठेवून जे विचारलं होतंस त्याचं उत्तर माझ्याकडून यायचं राहिलं आहे. आणखी काही सांगायचं आहे का? हो, होतं. धक्का मी दिला होता, आणि तो तुला लागला.

तुझाच म्हणायचा हक्क उरला असेल तर तुझाच,
स्टोव्ह