बिननावाचं गाऱ्हाणं

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

आलो एकदाचे मुलुंडला, आणि तेही तळमजल्यावर! विक्रोळीच्या चाळीत सुयोगचा पलंग दुसऱ्या मजल्यावर चढवायचा तर चार माणसं आणि चाळीस सल्ले लागले असते. इथे टेम्पोतून उतरवला तो थेट हॉलमध्ये. मुलुंड पूर्वेची जुनी सोसायटी, दोन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर, खिडकीबाहेर अनंताचं झाड. आईने पहिल्या तासात देव मांडले आणि दुसऱ्या तासात शेजारच्या वनमालाकाकूंशी गाव जुळवलं. त्या कणकवलीकडच्या, आम्ही कुडाळकडचे, म्हणजे जवळजवळ नातंच निघालं. संध्याकाळी त्यांनी बांगड्याचं तिखलं पाठवलं. झकास होतं.

सुयोग माझा धाकटा भाऊ, वय एकोणतीस. जूनमध्ये बाइकवरून पडला, तेव्हापासून शुद्धीवर नाही. नाकात नळी, डोळे मिटलेले. हॉस्पिटलने सांगितलं, आता घरीच सांभाळा. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे आणि लॅब इथून रिक्षाने दहा मिनिटांवर. सगळं सोयीचं झालं. आज बऱ्याच दिवसांनी मी हसले म्हणे. आईने सांगितलं म्हणून कळलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

बस्तान बसलं. मी सातला लॅबमध्ये, तीनला सुटका. सकाळी नर्सिंग ब्युरोकडून संघमित्रा येते, सुयोगचं अंग पुसते, कूस बदलते, त्याच्याशी गप्पाही मारते. तो ऐकत नाही हे तिला माहीत आहे. म्हणाली, ताई, गप्प बसून काम होत नाही ना.

आईने आज पुन्हा विषय काढला. पाच महिन्यांत तिचे नवस, अंगारे, उपास सगळं करून झालं, राहिले होते मी. तिचं म्हणणं असं की ती मागते त्यात नवल काय, भाजी महाग झाली तरी ती देवाला सांगते. मी जन्मात कधी काही मागितलं नाही, तर माझं एकदा तरी ऐकतील. मी म्हटलं, विश्वास नसताना हात जोडणं म्हणजे नाटक. तर म्हणाली, तू मला बीपीची गोळी देतेस, ती गोळी विचारते का माझा तिच्यावर विश्वास आहे की नाही? करून तर बघ, तुझं काय जातं?

रोज दीडशे लोकांचं रक्त माझ्या हातून जातं आणि तपासल्याशिवाय मी कुणाच्या रिपोर्टवर ‘नाही’ लिहीत नाही. देवाचा रिपोर्ट मात्र सॅम्पल न घेताच देऊन मोकळी झाले आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

ठरवलं, आईलाही सांगितलं. चाळीस दिवस, रोज दुपारी चारला, दहा मिनिटं. त्या वेळी आई काकूंबरोबर सोसायटीच्या बाकावर असते, म्हणजे तिच्या श्रद्धेची भेसळ नको.

पद्धत गाऱ्हाण्याची, कारण दुसरी मला येत नाही. गावी देवळात एक जण उभा राहून देवाला सगळं सांगतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. लहानपणी मी आणि सुयोग त्यावर पोट धरून हसायचो.

एक बदल केला. गाऱ्हाण्याच्या सुरुवातीला नावं घेतात, ग्रामदेवता, कुलदेवता, सीमेवरचा राखणदार, कुणी सुटत नाही. मी एकही घेणार नाही. नाव घेऊन मागितलं तर मी आधीच एकाला मानल्यासारखं होतं, आणि मी तर कुणालाच ओळखत नाही. म्हणून फक्त ‘जो कोणी ऐकत असेल त्याला’. सुयोगची माहिती मात्र काटेकोर द्यायची, म्हणजे घोळ नको. लेबल नसलेली ट्यूब आम्ही फेकून देतो.

सोमवार, १० नोव्हेंबर

दिवस पहिला. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले. जो कोणी ऐकत असेल त्याला सांगितलं की हा सुयोग, वय एकोणतीस. चाळीच्या नळावर घसरून पडला होता, त्याची खूण हनुवटीखाली आहे. बोंबील खातो, तोही कुरकुरीतच. भात कालवण्याआधी ताटात त्याचा डोंगर करतो. याला उठव. प्रत्येक वाक्यानंतर थांबले, कारण ‘व्हय’ म्हणायला जागा सोडायची असते.

काही झालं नाही, आणि होणार नव्हतंच. स्वतःशीच बोलल्याची थोडी लाज वाटली. बाकी काही नाही. जूनपासून मला नीट काही वाटतच नाही, रडूसुद्धा आलेलं नाही. रोज नवी माहिती द्यायची असं ठरवलंय.

गुरुवार, २० नोव्हेंबर

दिवस अकरावा. आज त्याच्या पहिल्या पगाराचं सांगत होते, आईला मिक्सर आणला होता त्याबद्दल. वाक्य संपलं, मी थांबले, आणि कुणीतरी ‘व्हय’ म्हणालं.

दार बंद होतं. आई आणि काकू बाकावर, खिडकीतून दिसत होत्या. सुयोगचे डोळे मिटलेले, पण ओठ ओले होते.

एका रीडिंगवरून काही लिहायचं नसतं.

रविवार, २३ नोव्हेंबर

शुक्रवारी दोनदा. काल प्रत्येक वाक्याला. आज चार वाजून सहा मिनिटांनी सुयोगने डोळे उघडले.

आई रडली, ओरडली, देवापुढे लोळली. अख्ख्या विंगला पेढे वाटले. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, असं क्वचित होतं, पण होतं. आईने मला कुशीत घेतलं आणि विचारलं, आता तरी पटलं ना गं? मी मान हलवली. मला आनंद झाला असावा. मी त्या आनंदाची वाट बघत हातात पेढा घेऊन बराच वेळ उभी होते.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

नळी काढली. बोलतो. नळावर पडल्याचं बोलला, बोंबील कुरकुरीत हवा म्हणाला. आईने ताबडतोब तळले. त्याने ताटात भाताचा डोंगर केला, मग मिक्सरचं बोलला आणि माझ्याकडे बघितलं.

तो जे बोलला ते सगळं मी सांगितलेलं होतं. मी सांगितलं त्याच क्रमाने.

आणि प्रत्येक गोष्टीला ‘व्हय’ म्हणतो. सुयोगला मालवणी येत नाही. आई म्हणते, रक्तातली भाषा आहे, येणारच वर.

मंगळवार, २ डिसेंबर

आई दळण आणायला गेली तेव्हा तपासून बघितलं. वीस प्रश्न. दहा गोष्टी गाऱ्हाण्यात सांगितलेल्या, दहा न सांगितलेल्या पण आम्हा दोघांना माहीत असलेल्या. पहिल्या दहांत दहा बरोबर. दुसऱ्या दहांत शून्य. आठवत नाही असं तो एकदाही म्हणाला नाही. दर वेळी म्हणाला, सांग.

शेवटचा प्रश्न अपघाताच्या सकाळचा होता. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, आज पहिल्यांदा लिहिते आहे. तो बाइकवर होता आणि मी फोन करत होते. गॅसचा नंबर लावला का, एवढंच विचारायचं होतं. तीनदा त्याने कापला. चौथ्यांदा उचलला. मग मला फक्त आवाज ऐकू आला.

विचारलं, त्या सकाळी आपण काय बोललो? तो उशीवरून किंचित उठला. म्हणाला, सांग.

नाही सांगितलं.

शुक्रवार, ५ डिसेंबर

सहज ही वही चाळली. दहा तारखेला लिहिलंय की सुयोग भाताचा डोंगर करायचा. अक्षर माझं आहे. मला असं काही आठवत नाही. नळावर पडल्याचंही नाही, मिक्सरचंही नाही. म्हणजे माहीत आहे, कारण लिहिलंय. पण एखाद्या पेशंटच्या फाइलमध्ये वाचावं तसं.

जे जे सांगितलं ते ते गेलं आहे. त्याच्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही.

भीती वाटायला हवी. कळतंय तेवढं.

रविवार, ७ डिसेंबर

वनमालाकाकूंना सगळं सांगितलं. वाटलं होतं हसतील. हसल्या नाहीत. फक्त एवढंच विचारलं की गाऱ्हाणं घालताना पहिलं नाव कुणाचं घेतलंस. म्हटलं, कुणाचंच नाही, जो कोणी ऐकत असेल त्याला. त्यांनी निवडत असलेली मेथी खाली ठेवली. “अगो, नाव घेतल्याशिवाय हाक मारलंस? वाटेवरून जाणारो कोणय मागे वळतलो.”

परत कसं पाठवायचं विचारलं. म्हणाल्या, ज्याला बोलावलं त्याला नावानेच निरोप द्यावा लागतो, तुझ्याकडे नाव आहे का? नव्हतं. मग मी विचारलं, माझा सुयोग कुठे आहे? त्या आत गेल्या. येताना हातात मेथीची जुडी होती, ती मला दिली आणि दार लावून घेतलं.

मंगळवार, ९ डिसेंबर

सांगितलं त्याला. फोनचं. चौथ्यांदा उचलल्याचं.

जूनपासून छातीवर होतं. म्हटलं, हे तरी ने.

व्हय, म्हणाला.

बुधवार, १० डिसेंबर

हलकं वाटतंय. काहीतरी सांगितलं त्याला काल. दोन तारखेचं पान वाचलं. कोण्या बाईने भावाला बाइकवर असताना फोन केला होता. वाईट झालं तिचं.

संघमित्रा येईनाशी झाली. ब्युरोने सांगितलं, तिने या पत्त्यावर यायला नकार दिलाय. कारण सांगत नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर

मी गप्प बसायचं ठरवलं. तर त्याने आईला धरलं. दिवसभर आई त्याच्या उशाशी. त्याच्या बारशापासून सांगतेय, पाळणा कुणी दिला, दात कधी आला. मी म्हटलं, आई, त्याला काही सांगू नकोस. चिडली. इतक्या महिन्यांनी पोर विचारतंय आणि मी नको सांगू? तुला झालंय काय? आधी तूच तर सांगत होतीस.

हात धरून उठवलं तिला. हात झटकून परत बसली.

रविवार, १४ डिसेंबर

आईने चहा टाकताना विचारलं, हॉलमध्ये झोपलाय तो मुलगा कोणाचा गं.

म्हटलं, सुयोग. तुझा.

हो का, म्हणाली. गुणी आहे. गोष्टी आवडतात त्याला. साखर किती, विचारलं.

मी किचनच्या कट्ट्याला धरून उभी. ओरडावंसं — नाही, तसं काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

तिला घेऊन निघायचं. उद्या. कुठेही. विक्रोळीची खोली रिकामी आहे.

सोमवार, १५ डिसेंबर

बॅग भरली. आई येत नाही. म्हणते, त्या मुलाला एकटं कसं टाकायचं. रिक्षा परत पाठवली. आईला सोडून जाणार नाही, एवढं अजून

काकूंच्या दाराला कुलूप. मुलाकडे गेल्या म्हणे, ठाण्याला.

त्याने पाय खाली सोडलेत. बसतो आता.

मंगळवार, १६ डिसेंबर

दुपारचे चार. मी आतल्या खोलीत. आई हॉलमध्ये बोलतेय. त्याचं सगळं सांगून संपलं, आता माझं काढलंय. माझी मोठी रुचिरा, म्हणतेय. वय चौतीस. पायाळू जन्मली.

व्हय.

आई, नको ना गं. मोठ्याने म्हटलं. तिला ऐकू आलं नाही की मी म्हटलंच नाही —

शाळेशी आलीय. पहिल्या दिवशी रडली नाही, म्हणते. पाटी दुसऱ्या मुलीला देऊन टाकली. कोण मुलगी? मला

व्हय.

उठायचंय. तिच्या तोंडावर हात ठेवायचा, बस. दहा पावलं. पाय आहेत, बघतेय मी, पण ते माझे आहेत असं

लॅबमधली नोकरी सांगितली. वडील गेले तो दिवस सांगितला. कोणाचे वडील? बाई छान सांगते. आवाज मायेचा आहे.

व्हय. व्हय.

वहीच्या पहिल्या पानावर नाव आहे. वाचलं. पुन्हा वाचलं. रुचि

थांबली ती. संपलं वाटतं.

पलंग वाजला. तो उभा राहिलाय. आतल्या खोलीत कोण आहे, विचारतोय तिला.

आई म्हणतेय, कोणी ना