जंतूला गावाचं नाव

बाई, तुम्ही गेल्यानंतर तुमच्याशी असं बोलायला मी पहिल्यांदाच बसले आहे. कपाशीनं आपल्या जिल्ह्याचं कंबरडं मोडलं त्या वर्षांत, झरी जामणीकडच्या एका गावाच्या मातीत आपल्याला फवारणीचं विष खाऊन जगणारा जंतू सापडला. आधी कुणी न नोंदवलेला. नाव ठेवायचा मान तुम्ही मला, तुमच्या विद्यार्थिनीला दिलात. मी त्या गावाचंच नाव लॅटिन वळणानं लिहिलं. शोधनिबंध पाठवायच्या आधी तुम्ही विचारलंत, "गावाला विचारलंस?" मला हसूच आलं. तुम्ही मात्र जीप मागवलीत.

त्या आठवड्यात गावात आणखी एका शेतकऱ्यानं फवारणीचं विष पिऊन जीव दिला होता, हे आपल्याला तिथे पोचल्यावर कळलं. पारावर माणसं बसलेली. गावची सरपंच, तुमच्याच वयाची बाई, सगळं ऐकून घेते आणि उभी राहते.

"पेपरात आमच्या गावाचं नाव येते ते मरनाच्या बातमीतच. आता जंतूलेबी आमचंच नाव देऊन राह्यले काय?"

"अहो, हा चांगला जंतू आहे," मी म्हणते.

"चांगला जंतू कोनं पाह्यला, मॅडम? आमच्या पोरींले सोयरीक येत नाही. उद्या लोक म्हनतीन, ते जंतूचं गाव."

माणसं जीपभोवती सरकतात. कुणीतरी मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या खाली ओढतं. तेवढ्यात तुम्ही म्हणता, "हे नाव काढून टाकलं." माझ्याकडे न बघता. पिशव्या परत मिळाल्या. यवतमाळपर्यंत मी तुमच्याकडे पाठ फिरवून बसले.

मग आपण त्याला 'नायग्रिटेरी' म्हटलं, काळ्या मातीचा. निबंध छापून आला तेव्हा तुम्ही दवाखान्यात होतात, शुद्धीत नव्हतात. पुढे सरपंचबाई एकदा आपल्या प्रयोगशाळेत आल्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. "येवढासाच? विष खाते अन् मरत नाही?" त्यांनी मान वर केली. "मानसाले काहून जमत नाही मंग?" तुम्ही हव्या होतात.

नाव बदललंत ते बरोबर होतं, हे मला सरपंचबाई आल्या त्याच दिवशी कळलं होतं. तरी एक सांगते, दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. प्रयोगशाळेत एकटी असले, की मी अजूनही त्याला त्या गावाच्याच नावानं हाक मारते.