चौदाव्या पानावरचं यमक

लिंडी, शुक्रवार

प्रिय सिवेमा,

'प्रिय' लिहायला मला बराच वेळ लागला. आधी खोडून नुसतं 'सिवेमा' लिहिलं, पण ते नाटकी दिसायला लागलं, म्हणून पुन्हा कागद बदलला. तो शब्द प्रेमानं लिहिलेला नाही, बावीस वर्षांच्या सवयीनं लिहिला आहे, एवढं लक्षात ठेव आणि पुढे वाच.

तुझ्या दार एस सलामला इथल्या बातम्या पोहोचत नसतील, किंवा पोहोचल्या तरी तू त्या विचारत नसशील. मकामेआजोबांच्या गळ्यातून कॉलेजच्या दप्तरखान्याची किल्ली उतरली, त्याला उद्या तीन आठवडे होतील. एकतीस वर्षं काळ्या दोऱ्यात ती किल्ली होती. आजोबा अजूनही सकाळी सातला येतात आणि दाराबाहेरच्या बदामाच्या झाडाखाली बसतात, कारण तिथे बसू नका असं त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. दहा वाजता कॉफीवाला कप वाजवत येतो. आजोबा दोन कप घेतात, एक स्वतःला आणि एक नव्या कारकुनाला. या कारकुनाला ते दार उघडता येत नाही. सोमवारी मी व्हरांड्यातून ऐकत होते. आजोबा बसल्या जागेवरून ओरडत होते, "अरे बाबा, दार आधी उचलून धर, मग किल्ली फिरव! अडलेल्या गाढवाला ओढतोस तसं काय ओढतोस!" कारकून हसला, आजोबाही हसले. मला हसू आलं नाही. तुला आलं असतं का, ते माहीत नाही. पूर्वी आलं असतं.

पूर्वीचं तुला आठवतं का, हा प्रश्न मी टोचण्यासाठीच विचारते आहे. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो आपण. किल्वा बेटाच्या जुन्या सुलतानांची ती तांब्याची नाणी, करंगळीच्या नखाएवढी, दप्तरखान्यातल्या लाकडी खणांमध्ये पडलेली होती. त्यांच्यावर चित्र नाही, साल नाही, नुसती अक्षरं. आपण दोघी भिंगं घेऊन बसलो होतो आणि आजोबांनी आपली भिंगं काढून घेतली. "पोरींनो, हे नुसतं तांबं नाही. हे अर्धं गाणं आहे. उलटा, म्हणजे उरलेलं अर्धं मिळेल." एका बाजूला सुलतानाचं नाव, दुसऱ्या बाजूला त्याचा देवावरचा भरवसा, आणि दोन्ही मिळून एक यमक. अली इब्न अल-हसन असेल तर पाठीवर हसनला जुळणारं 'मिनन'. अल-हसन इब्न सुलैमान असेल तर पाठीवर सुलैमानला जुळणारं 'मन्नान'. आजोबा नखानं नाणं उलटायचे आणि म्हणायचे, उलटायचे आणि म्हणायचे. तू म्हणालीस, "आजोबा तांब्याला अंगाई गातात." सगळा वर्ग हसला. तेव्हा ते तुला म्हणाले होते, "तू कान घरी ठेवून येतेस, सिवेमा. अक्षरं वाचतेस, पण ऐकत नाहीस." तू आठवडाभर रुसली होतीस. खरं लिहायचं तर त्या आठवड्यात मी आनंदात होते. ते वाक्य मला उद्देशून नव्हतं, एवढ्याच कारणानं.

त्या नाण्यांवरचं पुस्तक तिघांचं होणार होतं. हे तू नाकारशील, म्हणून मी माझी जुनी डायरी काढून पाहिली. ते ठरलं त्या संध्याकाळी तुझ्या आईनं नारळातला ऑक्टोपस केला होता, आणि तिघांची नावं कुठल्या क्रमानं छापायची यावरून तू आणि मी भांडलो होतो. आजोबा म्हणाले, "माझं शेवटी टाका. माझं नाव उच्चारायला सोपं आहे, शेवटी थकलेल्या वाचकाला बरं पडेल." मग इथल्या नोकरीतून तुझी दार एस सलामला बदली झाली, तुला अनुदान मिळालं, आणि एक दिवस छापील पुस्तक आलं. वर एकच नाव, तुझं. आत बारीक अक्षरात 'दप्तरखान्यातील कर्मचारीवर्गाचे आभार'. आजोबांना फक्त मदरशातली अरबी लिपी येते, हे तुला ठाऊक होतं. त्यांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "माझं कुठे आहे, दाखव." मी त्यांचं बोट धरलं आणि 'कर्मचारीवर्ग' या शब्दावर ठेवलं. ते त्या शब्दावरून बोट फिरवत राहिले. म्हणाले, "एवढं लांब आहे होय माझं नाव!" त्या दिवसापासून मी तुझा द्वेष करते. म्हणजे, असं मी स्वतःला सांगते. खरी सुरुवात त्याआधीची आहे. ती पुढे येईलच.

त्या पुस्तकाच्या चौदाव्या पानावर बारा नाणी आहेत, दोन ओळींत. वरच्या ओळीच्या पाठी खालच्या ओळीला लागल्या आहेत आणि खालच्या वरच्या ओळीला. नाव सुलैमानवर संपतं तिथे मिनन, हसनवर संपतं तिथे मन्नान. डोळ्यांना काही खटकत नाही. पेम्बा बेटावरच्या एका म्हाताऱ्या मदरसा-शिक्षकानं ते पान मोठ्यानं वाचलं, तेव्हा ते मोडलं. त्याचं पत्र प्राचार्यांना आलं, चौकशी लागली, आणि तू हिरवा पोशाख घालून दार एस सलामहून आलीस. किती मायेनं बोललीस तू! "आजोबांचं वय झालंय सर, त्यांना दोष देऊ नका. पहिल्या दिवशी नावाच्या बाजूंचे फोटो झाले, दुसऱ्या दिवशी नाणी उलटून मांडताना ओळींची अदलाबदल झाली असणार. माणूसच आहे." इतक्या गोड आवाजात कुणी कुणाला बुडवताना मी पाहिलं नव्हतं. ती मांडणी नीट झाली होती, सिवेमा. तुझा फोटोग्राफर घाई करत होता, आणि तरी आजोबा म्हणत गेले आणि मी मांडत गेले, एकेक नाणं. डायरीत आहे: 'दुसरा दिवस. सगळ्या ओळी जुळल्या. आजोबांचा घसा बसला.' ओळी फिरल्या त्या तुझ्या टेबलावर, पानं लावताना, जिथे तुला म्हणून दाखवणारं कुणी नव्हतं आणि तूही कधी म्हणत नाहीस.

मग तू मला विचारशील, 'तू तिथेच होतीस ना, मग तोंड का उघडलं नाहीस?' प्राचार्यांनी मला विचारलं होतं, "सुबिराबाई, प्रुफं तुम्हीही पाहिली होती ना?" मी म्हणाले, "हो सर. माझ्या काही लक्षात आलं नाही." तू तेव्हा खिडकीकडे पाहत होतीस. आजोबांनी मात्र माझ्याकडे पाहिलं. मोजून सांगता येणार नाही इतका थोडा वेळ. मग ते प्राचार्यांना म्हणाले, "माझे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत, साहेब. मीच असेन." आणि कुणी मागायच्या आत मान वाकवून त्यांनी तो दोरा काढला.

माझ्या लक्षात आलं होतं. तू प्रुफांसोबत चिठ्ठी पाठवली होतीस, 'नुसती नजर टाक गं, तुझी नजर चांगली.' प्रुफांच्या पहिल्याच पानावरून माझं नाव काढून टाकलंस आणि वर माझी नजर फुकट मागितलीस. मी चौदावं पान उघडलं आणि सवयीनं म्हणून पाहिलं. पहिल्याच जोडीला जीभ अडखळली. बाराही जोड्या म्हणून पाहिल्या. त्या रात्रीची नोंद तीन वाक्यांची आहे: 'पान चौदा. यमक तुटलं. सांगायचं नाही.' दुसऱ्या दिवशी मी प्रुफं परत पाठवली आणि वर लिहिलं, 'सुरेख झालंय.' मला हवं होतं की तुझं हसं व्हावं, सगळ्यांसमोर, आणि तेही कानामुळे. ते पुस्तक छापून येऊन आजोबांचं बोट त्या शब्दावर फिरण्याच्या चार महिने आधीची ही गोष्ट. म्हणजे मी हे आजोबांसाठी केलं नव्हतं. मी ते माझ्यासाठी केलं, आणि किंमत त्यांच्या गळ्यातून गेली. आजोबांना हे कधी कळलं, मला माहीत नाही. पण मला बारापैकी एकही तुटकी जोडी ऐकू येणार नाही, हे त्यांनी कसं मानावं? मला त्यांनीच शिकवलं आहे. ते प्राचार्यांच्या खोलीत मला वाचवत होते. तुला नाही.

सोमवारी सकाळी दहाला मी प्राचार्यांकडे जाणार आहे. डायरीची दोन्ही पानं नेणार आहे, मांडणीचं आणि प्रुफांचं. पहिल्यानं आजोबा सुटतील. दुसऱ्यानं मी जाईन, बहुधा नोकरीसकट, आणि तुझ्या पुस्तकाचं काय व्हायचं ते होईल. हे मी आजोबांना सांगितलेलं नाही. ते म्हणतील, "जाऊ दे पोरी," आणि त्यांच्या तोंडून ते ऐकलं की मी खरंच जाऊ देईन. नवऱ्याला सांगितलं नाही, तो मला समजून घेईल. डायरीत तर मी गेली किती वर्षं सगळं खरं लिहिते आहे, आणि त्यानं कुणाचं काहीही भलं झालेलं नाही. मला असं एक माणूस हवं होतं जे मला समजून घेणार नाही, माफ करणार नाही, आणि सोमवारी संध्याकाळी पहिला फोन करून विचारेल की गेली होतीस की घाबरलीस. असं माणूस मला एकच माहीत आहे. म्हणून हे पत्र तुला, उद्या सकाळच्या बसनं. मी गेले नाही, तर तू आणि मी सारख्याच ठरू. तसं ठरण्यापेक्षा मी नोकरी घालवीन.

सोमवारपर्यंत तरी तुझीच,
सुबिरा